ड्रमातलं विरजण

माझ्या घरात रोज संध्याकाळी दही लावलं जातं आणि ते खायला कुणी नाही.

एक गाय आहे. सकाळचं दूध डेअरीच्या टेम्पोला जातं. संध्याकाळचं थोडं मी ठेवून घेते, तापवते, कोमट झालं की त्यात चमचाभर विरजण घालते आणि झाकून ठेवते. सकाळी घट्ट दही. त्यातलं वाटीभर भाकरीबरोबर खाते, चमचाभर पुढच्या विरजणाला काढते आणि उरल्याचं ताक करून दारातल्या कढीपत्त्याला घालते. कढीपत्ता इतका माजलाय की रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, कशाला करत बसतीस? पिशवीचं दही दुकानात मिळतंय की." त्याला कसं सांगायचं? लावायचं राहिलं तर विरजण मरतं. सासूबाईंनी माझ्या हाती घराच्या किल्ल्या दिल्या नव्हत्या, कुलूप लावण्यासारखं घरात काही नव्हतंच. त्यांनी विरजणाची वाटी दिली. तेव्हापासून ते तुटलेलं नाही. माझे मालक, सावळाराम, गेले त्या संध्याकाळीही मी शेजारी बसलेल्या भावजयीला सांगितलं होतं, दूध तापव म्हणून.

मुलगा महेंद्र नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात, सणसवाडीला कंपनीत आहे. बायको सुरेखा आणि लहानग्या प्रांजलला घेऊन तिथंच एका खोलीत राहतो. ये म्हणतो, आणि गाय अन् विरजण थोडे दिवस भावजयीवर सोपवून मी जाऊन राहूनही आले. खोलीत एक कॉट, कॉटखाली सामान. मी आत आडवी झाले की महेंद्रला गॅलरीत अंथरूण टाकावं लागायचं. दिवसभर मशीनपुढं उभं राहून आलेल्या पोराला बाहेर झोपवून मला काही झोप येईना. गाय कोण बघणार, असं सांगून परत आले. गाईचं नाव पुढं केलं की कुणी वाद घालत नाही.

आमचं घर राहूच्या पुढं, नदीच्या वाटेला, शेतातच आहे. आमची बाकीची माणसं गावात, विहाराजवळ राहतात. मोटारीच्या केबलच्या चोऱ्या व्हायला लागल्या तेव्हा सावळारामांनी इथं दोन खोल्या बांधल्या. केबल राखता राखता माणसं लांब गेली, हे आमच्या लक्षात आलं नाही. जयंतीला मी गावात जाते, पांढरी साडी नेसते, सगळ्यांना भेटते. परत येताना वाटेवर उसाच्या दोन भिंती आणि त्यामधून मी.

हाकेच्या अंतरावर शेजार म्हणजे एकच, बांधापलीकडची अनसाबाई. तिच्या घरच्यांनी सणसवाडीला जागा घेऊन खोल्या बांधल्या आणि त्या युपी-बिहारच्या कामगारांना भाड्यानं दिल्या. भाडं गोळा करायला तिचे मालक आण्णा आणि मुलगा गोकुळ तिकडंच राहतात. उसाला पाणी द्यायला कुणीतरी हवं म्हणून अनसाबाई इकडं. तिच्या घरात टीव्ही सकाळपासून चालू असतो. ती बघत नाही, नुसता लावून ठेवते. मी रेडिओ लावते. उसातून दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात.

आमचं सगळं बोलणं बांधावर झालेलं आहे. गोकुळच्या लग्नाची बोलणी, सावळारामांचा आजार, तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, सगळं. ती मला 'रतन' म्हणते आणि 'तू' म्हणते. मी तिला 'अनसाबाई' आणि 'तुम्ही'. वय सारखंच. बाकी अख्खी वस्ती मला 'बाई' म्हणते, कारण निवृत्त होईपर्यंत मी इथल्या अंगणवाडीची सेविका होते. कधी ती बांध ओलांडून आली तर ओट्याच्या कडेला टेकते. मी विचारते, "चहा टाकू?" ती म्हणते, "आत्ताच झालाय."

सकाळी उजाडताना आली तरी आत्ताच झालाय. भर दुपारी आली तरी आत्ताच झालाय. एकदा दवाखान्यातून आली, एसटीतून उतरून थेट माझ्या ओट्यावर, घसा कोरडा पडलेला, बोलता येईना, तरी तेवढे दोन शब्द तिनं काढलेच. एवढा चहा पिणाऱ्या बाईला झोप कशी येते, कळत नाही. मी तोंडावर कधी काही बोलले नाही. बोलायचं काय, कारण आम्हा दोघींना माहीत आहे. गोकुळ माझ्या अंगणवाडीत होता. माझ्या हातची उसळ खाऊन, माझ्या मांडीला टेकून झोपायचा. तेव्हा अनसाबाईची काही तक्रार नव्हती. सरकारी पातेल्याला जात नसते. माझ्या पातेल्याला असते.

तर, योजना आली.

एका संस्थेची होती. प्राची नावाची मुलगी गावोगाव फिरून बैठका घ्यायची. आमची बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. उसाला जो युरिया टाकता तो निम्मा करा, राहिलेलं काम बाटलीतले जिवाणू करतील, ते हवेतला नत्र उसाला मिळवून देतात, असं तिनं सांगितलं. जो हे नियमानं करील त्याच्या खात्यावर एकरी प्रोत्साहनाची रक्कम जमा होणार. मागं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी उसाला उपास घडवायचा आन् पैसं आपण घ्यायचं." हॉल हसला. प्राचीही हसली. मग तिनं बाटली वर धरली.

"हे औषध नाही. हे जिवंत आहेत. उन्हात ठेवलं तर मरतील. रासायनिक खताबरोबर एकत्र केलं तरी मरतील. थंड सावलीत ठेवायचं आणि सांगितलेल्या दिवशी बाटलीतून थेट पाण्यात मिसळून सोडायचं."

मी म्हणाले, "म्हंजी विरजणच की."

पुन्हा सगळे हसले. प्राची म्हणाली, "हो मावशी, तसंच काहीसं."

त्या 'काहीसं'कडं मी लक्ष द्यायला हवं होतं. दिलं नाही. त्या दिवसापासून सगळ्या वस्तीत त्या बाटलीचं नाव विरजण पडलं. पुरुषमाणसं चेष्टेनं म्हणायची, आमच्या उसावर विरजण पडलं. मला ती म्हणण्याची रीत कधीच आवडलेली नाही. चांगल्या गोष्टीचा विचका झाला की म्हणायचं विरजण पडलं. दही लावणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं का?

बाटली घरी आणली आणि तिथंच माझं चुकलं. विरजण कधी संपवायचं नसतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. अख्खी बाटली एकदम पाण्यात ओतून मोकळं व्हायचं, हे मनाला पटेना. मी मोठा निळा ड्रम घासून घेतला, पाणी भरलं, गूळ कालवला आणि त्यात बाटली ओतली. दोनतीन दिवसांनी त्यातलं बरंचसं उसाला सोडलं, बूड राखलं, पुन्हा पाणी, पुन्हा गूळ. चाललं की. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायची. झाकण काढलं की फेसाखालून बुडबुडे वर यायचे आणि आंबूस, गोडसर वास यायचा. काय सांगू, बरं वाटायचं. घरात माझ्याशिवाय आणखी कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं. मी त्या ड्रमाशी बोलायला लागले. गाईशी बोलत होतेच, आता दोन झाले.

अनसाबाईची बाटली मात्र वाया गेली. तिनं ती मोटारीच्या खोपटात पत्र्याखाली ठेवली होती. तापून फुगली, आणि टोपण उघडलं तशी पिचकारी उडून तिच्या तोंडावर आली. घाण वास. ती हातात रिकामा कॅन घेऊन बांध ओलांडून आली. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "रतन, थोडं विरजण दे गं."

मी ढवळत होते, ती काठी हातात तशीच राहिली.

आमच्याकडं शेजारणी एकमेकींकडं सारखं काही ना काही मागतात. पण विरजण हे असं मागणं आहे की ते ज्या घरचं आणता त्या घरचं तुमच्या घरात रोज जेवायला बसतं. मी या घरात आल्यापासून बांधापलीकडच्या कुठल्याच बाईनं मला विरजण मागितलं नव्हतं. माझं दही गावात एक नंबर आहे हे सगळ्यांना माहीत असून. आणि आज अनसाबाईच्या तोंडून तो शब्द आला होता. मला माहीत होतं की ती ड्रमातलं मागतेय, उसाला. पण शब्द तोच होता, आणि माझा जीव सुपाएवढा झाला.

"भरून न्या," मी म्हणाले. "बूड तेवढं राखू."

मग ती येतच राहिली. तिच्या उसाला सोडायचं असलं की कॅन घेऊन यायची. ओट्याच्या कडेवरून हळूहळू आत सरकून भिंतीला टेकून बसायला लागली. सुनेच्या तक्रारी सांगायची. आण्णा सणसवाडीत रोज संध्याकाळी चौकात पाव-भजी खातात आणि फोनवर पथ्य पाळतोय म्हणतात, हे सांगताना एकदा ती इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. "टीव्ही बंद करून आलीया," एकदा म्हणाली. मी तिच्यासाठी ड्रम जास्त भरायला लागले. गूळ संपला की आधी गूळ आणायचे, मग घरची साखर घालायला लागले.

चहा? आत्ताच झालाय. पण मला वाटायला लागलं होतं की आता फार दिवस राहिले नाहीत. खरं सांगते, मला तेवढंच हवं होतं. त्या बाईनं एकदा माझ्या दारात बसून माझ्या हातचा चहा घ्यावा. लोकांना स्वर्ग हवा असतो, मला एक कप चहा.

ऊस कमरेच्या वर गेला तेव्हा तपासणी आली. प्राची सकाळीच फोन हातात घेऊन आली, उसाचे फोटो काढले, पानं मोजून पिशवीत घेतली. अनसाबाईच्या शेतापाशी गोकुळ उभा होता. बँकेचं खातं त्याच्या नंबरला जोडलेलं, म्हणून तो सणसवाडीहून गाडी घेऊन आला होता. पांढरा शर्ट, बूट चिखलाला लागू नयेत म्हणून बांधावर उभा. शेजारी अनसाबाई.

प्राचीला माझ्या दारातला ड्रम दिसला. तिनं झाकण उचललं.

"मावशी, हे काय?"

"विरजण वाढवलंय," मी म्हणाले. खोटं बोलायचं कारणच मला दिसत नव्हतं. उलट शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

तिचा चेहरा उतरला. चांगली मुलगी होती. मला दुखवायचं नाही म्हणून तिनं आवाज खाली आणला, पण बांध जवळ होता, सगळं ऐकू जात होतं.

"मावशी, दह्याला रोज उकळलेलं दूध मिळतं. इथं साधं पाणी, उघडा ड्रम. यात आता काय वाढलंय ते सांगता येत नाही. आपले जिवाणू असतील, नसतील, दुसरंच काही असेल. बाटलीतून थेट दिलेलं असेल तरच आम्हाला धरता येतं. तुमचं प्रोत्साहन यावेळी बसणार नाही." झाकण परत लावत म्हणाली, "आणि हे दुसऱ्या कुणाला देऊ नका. आपल्या भांड्यातलं दुसऱ्याच्या शेतात नको."

ती जे बोलली ते बरोबरच होतं. नियम नियमाच्या जागी. तिला माझ्याबद्दल काही वाईट म्हणायचं नव्हतं, ती पुण्याची पोर, तिला काय माहीत. पण ते शब्द माझ्या कानांना फार जुन्या ओळखीचे होते. आपल्या भांड्यातलं दुसऱ्याकडं नको.

"यातलं कुणाला दिलं होतं का?" तिनं विचारलं.

मी बांधाकडं बघितलं. अनसाबाईनं हो म्हटलं असतं तर तिचंही प्रोत्साहन गेलं असतं, हे मला कळत होतं. कळत असूनही मला ते वाक्य हवं होतं. रतनकडनं घेतलं. एवढंच. पैसे गेले असते तर जाऊ दे. दोघींचे गेले असते.

बोलला गोकुळ. "आमी कशाला कुनाकडनं घिऊ? आमची बाटली व्हती की. आये, व्हती का न्हाई?"

अनसाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. ती उसाकडं बघत होती, जणू ऊसच काही सांगणार आहे.

"व्हती," ती म्हणाली.

खोटंही नव्हतं ते. बाटली होतीच.

प्राची माझ्या उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "न्हाई. कुणी न्हाई घेतलं."

माझ्या मांडीवर झोपणारा पोरगा बूट न मळवता गाडीत जाऊन बसला. जाताना म्हणाला, "येतो बाई." मीही म्हणाले, "ये."

महेंद्रला सांगितलं तर तो चिडला. "आई, खरं बोलायची काय गरज व्हती? ड्रम हाय म्हनून सांगायचं, पाण्याचा." मी म्हणाले, "बरं, पुढच्या वेळी." दुसऱ्या दिवशी मी ड्रम कलता करून उसाच्या सरीत ओतला. बूडसुद्धा राखलं नाही. घासून पालथा घातला. त्यानंतरची संध्याकाळ मला चांगली आठवते. सवयीनं मी काठी घेऊन बाहेर आले आणि पालथ्या ड्रमापुढं उभी राहिले. काठी टेकून नुसती उभी. गाय माझ्याकडं बघत होती. एवढं रिकामं मला सावळारामांच्या नंतरही वाटलं नव्हतं. ते गेले तेव्हा निदान माणसं येऊन बसली होती.

अनसाबाई बांधावर यायची बंद झाली. पाणी द्यायला आली तरी पलीकडच्या टोकानं जायची. तिच्या टीव्हीचा आवाज वाढला. मग एक दिवस डेअरीच्या टेम्पोवरचा नवनाथ मला दूध मोजता मोजता म्हणाला, "अनसाकाकूंच्या खात्यावर ते खताचं पैसं आलं म्हनं. तुमचं आलं का, बाई?" मी म्हणाले, "माझं न्हाई बसलं." हा टेम्पो रोज सकाळी आमच्या फाट्यावरच्या बाभळीखाली थांबतो आणि वस्तीवरचे सगळे किटल्या घेऊन तिथं जमतात. माझ्या ओट्यावरून तिथलं शब्दन् शब्द ऐकू येतं. त्या सकाळी सगळ्यांना ऐकू गेलं की माझं बसलं नाही.

थंडी सुरू झाली होती. एका संध्याकाळी मी फोटोपुढं मेणबत्ती लावली, ओट्यावरचा दिवा लावला आणि दूध तापत ठेवलं. उसात सळसळ झाली. आमच्या दोन शेतांमधून, उसाच्या आतून एक पाऊलवाट येते, रस्त्यावरून दिसत नाही अशी. त्या वाटेनं अनसाबाई आली. हातात बॅटरीसुद्धा नव्हती. पदराखाली काहीतरी धरलेलं.

ओट्याजवळ आली पण टेकली नाही.

"म्हैस व्यालीय," ती म्हणाली.

"ऐकलं. रेडी का टोणगा?"

"रेडी." मग म्हणाली, "पिशवीच्या दह्यानं काय लागंना बघ दूध. तार सुटतीया. वास मारतंय." तिनं पदराखालून वाटी काढली. झाकणाची, स्टीलची, छोटी. "थोडं विरजण दे."

"ड्रम ओतला मी. कवाच."

"ड्रमातलं न्हाई." ती खाली बघत होती. "दुधाला."

मला आनंद झाला. हे लपवण्यात काही अर्थ नाही. छातीत एकदम काहीतरी उघडलं. आत फडताळात सासूबाईंची वाटी होती, सकाळचं घट्ट दही होतं, मी उंबऱ्यापर्यंत गेलेसुद्धा. तिथून वळून बघितलं. अनसाबाई मान वळवून रस्त्याकडं बघत होती. फाट्यावर कुणाच्या तरी मोटारसायकलचा उजेड आला, तशी ती एक पाऊल मागं, कढीपत्त्याच्या सावलीत सरकली. माझ्याच ताकावर वाढलेल्या झाडाच्या आड.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दिवे लागल्यावर विरजण देत न्हाईत, अनसाबाई."

आमच्यात असलं काही पाळत नाहीत. दिवे लागल्यावर दूध-दही बाहेर दिलं की लक्ष्मी जाते वगैरे सगळ्या खुळ्या समजुती आहेत, असं मी स्वतः अंगणवाडीत आयाबायांना सांगत आले. हा रिवाज अनसाबाईच्या घरचा. तिच्या सासूनं एकदा अंधार पडल्यावर मागायला आलेल्या बाईला दारातून परत पाठवलं होतं, ते तिनंच मला बांधावर सांगितलं होतं. तिचाच रिवाज मी तिच्यापुढं ठेवला.

तिनं वर बघितलं. तिला कळलं. आम्ही दोघी एवढी वर्षं बांधावर उगाच उभ्या राहिलो नव्हतो.

"सकाळी या," मी म्हणाले. "रस्त्यानं या."

तिनं वाटी पदराखाली घेतली आणि उसात शिरली.

मागं चुलीवर दूध उतू गेलं. मी पुसून घेतलं. त्या संध्याकाळी मी जास्तीचं दही लावलं.

सकाळी ती आली नाही. मी दार उघडं ठेवून बसले. टेम्पो येऊन गेला, ऊन ओट्यावर चढलं, उतरलं. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःला शिव्या द्यायला लागले. काय मिळवलंस रतन? आली होती ना दारात? अंधारात तर अंधारात. तुझ्या घरचं विरजण तिच्या घरात गेलं असतं, तिच्या ताटात बसलं असतं, तुला आणखी काय पाहिजे होतं? गाजावाजा पाहिजे होता? या वयात मान घेऊन काय करायचाय, मानाशी काय बोलता येतं? महेंद्रला फोन केला आणि काहीच न सांगता प्रांजलशी बोलले. ती म्हणाली, "आजी, तू रडतीस का?" मी म्हणाले, "कांदा चिरतेय." फोनवर कांदा चालतो.

जास्तीचं दही रोज कढीपत्त्याला जात होतं.

मग एका सकाळी मी दूध घालून आले आणि गाईखालचं शेण काढत होते. फाट्यावर टेम्पो थांबला होता, किटल्यांचा आवाज येत होता, चारसहा माणसं बोलत होती. मध्येच बोलणं बारीक झालं आणि नवनाथचा आवाज आला.

"काकू, किटली कुठाय? वाटी घिऊन कुठं निघाला?"

मी हातातलं पाटीत टाकलं आणि थांबले.

"रतनकडं," अनसाबाईचा आवाज आला. तिचा आवाज मुळातच मोठा आहे, पण त्या दिवशी तिनं तो आणखी मोठा केला होता. "इरजन आणाया. तिच्यावाणी दही हाय का कुनाचं?"

मग कुणाच्या तरी किटलीचं झाकण लागलं आणि टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

मी हात धुतले. दोनदा धुतले, कारण पहिल्यांदा साबण लावायचं विसरले. ती रस्त्यानं आली, गुडघे धरत, सकाळच्या उन्हात, वाटी हातात उघडी धरून. ओट्यावर येऊन भिंतीला टेकून बसली. मी आतून सासूबाईंची वाटी आणली आणि तिच्या वाटीत विरजण घातलं. चमचाभर पुरतं, मी अर्धी वाटी दिली. तिनं झाकण लावलं आणि वाटी मांडीवर ठेवली.

आम्ही बसलो. मी काही विचारलं नाही. इतकी वर्षं विचारत आले होते, आता विचारायची नाही असं ठरवलं होतं. जे मिळालं ते पुष्कळ होतं. तिनं प्रोत्साहनाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. गाय कान हलवत होती. अनसाबाई उठेल म्हणून मी वाट बघत होते आणि उठू नये म्हणूनही.

शेवटी ती म्हणाली, "आज चहाचं इचारलं न्हाईस."

"तुमचा आत्ताच झाला आसंल."

तिनं मांडीवरच्या वाटीचं झाकण उगाच पुन्हा दाबलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आज न्हाई झाला अजून."

मी आत गेले. पातेल्यात एका कपाचं पाणी मोजून टाकलं, रोजच्या सवयीनं, आणि मग आणखी एक टाकलं. दुसरा कप शोधायला मला फार वेळ लागला. तो वरच्या फळीवर होता, सावळारामांचा, पालथा घातलेला. आत कोळ्यानं जाळं केलं होतं. मी तो धुवायला बाहेर मोरीवर नेला, ती बघत होती तिथंच, आणि राखेनं घासघास घासला.